स्त्रीवादी कलेचं प्रदर्शन कसं भरवावं: पहिल्या यादीपासून शेवटच्या खोक्यापर्यंत

स्त्रीवादी कलेचं प्रदर्शन करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत नावांची यादी सुरू होते. कोणाला घ्यायचं, कोण राहून गेलं, अमकीचं काम मिळेल का. यादी लागतेच. पण गेल्या साठेक वर्षांतली अशी प्रदर्शनं पाहिली तर त्यांचं घोडं पेंड खातं ते बहुतेकदा दुसरीकडेच: मानधन कोणाला मिळालं, भिंतीवर काय लिहिलं, फरशी कोणी पुसली, तक्रार आल्यावर कोण मागे हटलं आणि सगळं उतरवल्यावर कागद कुठे गेले. भिंतीवर स्त्रियांची कामं आणि मागचा सगळा कारभार जुनाच, असं असेल तर ते स्त्रियांच्या कामांचं प्रदर्शन होतं, स्त्रीवादी प्रदर्शन होत नाही.

म्हणून इथे इतिहास वेगळा आणि कृती वेगळी असं केलेलं नाही. प्रत्येक टप्प्यावर आधीच्यांनी काय केलं ते पाहायचं आणि त्यातून आपल्या कामाचं घ्यायचं. मोठ्या संग्रहालयाला लागेल तेवढंच हे दोन खोल्या आणि बेताचे पैसे असलेल्या गटालाही लागेल.

१. आधी प्रश्न लिहा, मग नावं

जानेवारी १९४३ मध्ये कलासंग्राहक पेगी गुगेनहाइम यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या गॅलरीत ३१ स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन भरवलं. त्या काळी हे धाडसच होतं. पण निवड समितीत बहुतेक पुरुष होते, आणि इतक्या सगळ्या कलाकार एरवी दिसत का नाहीत, हा प्रश्न प्रदर्शनाने विचारलाच नाही. तो १९७१ मध्ये कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांच्या प्रसिद्ध लेखाने विचारला. स्त्रियांमध्ये थोर कलाकार का झाल्या नाहीत, याचं उत्तर त्यांनी प्रतिभेत शोधलं नाही, संस्थांमध्ये शोधलं. नग्न मॉडेलवरून रेखाटन हा युरोपातल्या कलाशिक्षणाचा पाया होता आणि त्या वर्गाचं दार स्त्रियांना शतकानुशतकं बंद होतं. ऐतिहासिक चित्रांना बक्षिसं मिळत, आणि ती काढायला मानवी शरीराचा हाच अभ्यास लागे. इतकं साधं गणित.

पुढे नॉकलिन आणि अॅन सदरलँड हॅरिस यांनी १९७६ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिस काउंटी म्युझियममध्ये १५५० ते १९५० या चारशे वर्षांतल्या स्त्री-चित्रकारांचं प्रदर्शन उभं केलं. तिथे प्रश्न आधी होता, चित्रं नंतर आली.

तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. मग एक चाचणी लावा: त्या वाक्यातला ‘स्त्रिया’ हा शब्द काढून ‘कलाकार’ घातला तरी वाक्य जसंच्या तसं चालतं का? ‘विविध माध्यमांतल्या स्त्रियांच्या कामाचा आढावा’ हे वाक्य चालतं. म्हणजे प्रश्न अजून सापडलेला नाही. ‘घरात होणारं बिनपगारी काम कलाकारांनी कसं मोजलं?’ यात ‘स्त्रिया’ हा शब्दच लागत नाही, आणि तरी हा प्रश्न आहे. त्याने यादी आपोआप आटोपशीर होते, आणि एखाद्या पुरुष कलाकाराचं काम त्यात चपखल बसत असेल तर घ्यायचं की नाही याचा वादही नीट घालता येतो.

२. मोजा

हा टप्पा छोटा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या १९६९ च्या वार्षिक प्रदर्शनात १४३ कलाकारांपैकी ८ स्त्रिया होत्या. हा आकडा हातात आला म्हणून १९७० मध्ये समीक्षक लुसी लिपार्ड, चित्रकार फेथ रिंगगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमकी मागणी करता आली: पन्नास टक्के. त्यांनी संग्रहालयाच्या जिन्यांवर आणि कोपऱ्यांत अंडी आणि सॅनिटरी नॅपकिन ठेवले, त्यावर ‘५० टक्के’ लिहून. गोरिल्ला मुखवटे घालणारा ‘गोरिला गर्ल्स’ हा गट १९८५ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने समकालीन चित्र-शिल्पांचं मोठं सर्वेक्षण भरवलं होतं आणि त्यात स्त्रिया दहा टक्केही नव्हत्या. १९८९ मध्ये या गटाने मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन मोजणी केली: आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-कलाकार ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांमधली ८५ टक्के शरीरं स्त्रियांची. त्यांनी २००५ आणि २०१२ मध्ये पुन्हा मोजलं. कलाकार अनुक्रमे ३ आणि ४ टक्क्यांच्या आत, नग्न स्त्रिया ८३ आणि ७६ टक्के. नग्न पुरुष थोडे वाढले, एवढीच प्रगती.

आपल्या जागेचं मोजा. गेल्या दहा वर्षांतली एकल प्रदर्शनं, समूह प्रदर्शनं, खरेदी, खरेदीची सरासरी किंमत, गोदामात पडून असलेली कामं. एकल आणि समूह वेगवेगळं मोजायला विसरू नका. समूह प्रदर्शनात स्त्रियांना घेऊन आकडा सजवणं फार सोपं असतं.

३. यादीतून कोण गळलं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण स्त्रीवादी प्रदर्शनांवर सर्वांत खरी टीका इथेच झाली आहे, आणि ती आतूनच झाली आहे.

एआयआर ही न्यूयॉर्कमधली स्त्री-कलाकारांनी स्वतः चालवलेली सहकारी गॅलरी १९७२ मध्ये सुरू झाली. आठ वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच गॅलरीत आना मेंडिएटा, काझुको मियामोटो आणि झरीना या तिघींनी आठ कलाकारांचं एक प्रदर्शन केलं. मेंडिएटा क्यूबाच्या, मियामोटो जपानच्या, झरीना अलीगढच्या. प्रदर्शनाच्या प्रास्ताविकात मेंडिएटांनी सरळ लिहिलं की अमेरिकेतली स्त्रीवादी चळवळ मुळात गोऱ्या मध्यमवर्गाची आहे. हॉवर्डीना पिंडेल यांनी त्यातच आपला व्हिडिओ दाखवला. त्यात त्या स्वतः आपल्याला आलेले वर्णद्वेषाचे अनुभव सांगतात, आणि मग त्याच गोरी स्त्री बनून ‘तू फार मनाला लावून घेतेस’ असं स्वतःलाच सुनावतात. आपल्याच गॅलरीत, आपल्याच मैत्रिणींना हे दाखवायला किती धाडस लागलं असेल!

ज्युडी शिकागो यांच्या ‘द डिनर पार्टी’ या भव्य कलाकृतीचंही तसंच. जेवणाच्या त्रिकोणी टेबलावर इतिहासातल्या आणि पुराणकथांतल्या ३९ जणींची ताटं, खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावं. पण त्या ३९ जणींत कृष्णवर्णीय स्त्री एकच, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रुथ. इतर बहुतेक ताटांवर योनीसदृश फुलपाखरी आकार आणि ट्रुथच्या ताटावर मात्र तीन चेहरे. लेखिका अॅलिस वॉकर यांनी १९७९ मध्येच यावर बोट ठेवलं होतं.

म्हणून यादी तीन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत तुम्हाला माहीत असलेली नावं. दुसऱ्या फेरीत त्यातल्या प्रत्येकीला विचारा: तुमच्याबरोबर कोण काम करत होतं आणि आज कोणाचं नाव घेतलं जात नाही? जुन्या समूह प्रदर्शनांची निमंत्रणपत्रं, मासिकांची मागची पानं, बंद पडलेल्या गटांचे हिशेब यांत नावांचं घबाड असतं. तिसऱ्या फेरीत यादी समोर ठेवून वर्ग, जात, वर्ण, भाषा, गाव-शहर, अपंगत्व, लैंगिकता यांतल्या कोणत्या जागा रिकाम्या आहेत ते पाहा. रिकामी जागा दिसली म्हणून शेवटच्या आठवड्यात एक नाव चिकटवू नका. ते ताटासारखंच उघडं पडतं. त्यापेक्षा निवड करणाऱ्यांतच ती माणसं हवीत, पहिल्या बैठकीपासून.

जुनी कामं हाताळत असाल तर श्रेयाची चूक होऊन बसलेली असू शकते. डच चित्रकार ज्युडिथ लाइस्टर यांची चित्रं दोनेकशे वर्षं त्यांच्याच काळातले नामवंत चित्रकार फ्रान्स हाल्स यांच्या नावावर खपत होती. १८९३ मध्ये एका चित्रावरची त्यांची सही उघडकीला आली तेव्हा हे कळलं. कौटुंबिक कार्यशाळेतून, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या स्टुडिओतून आलेल्या कामाची सही नेहमी पुन्हा तपासा.

आता नकार. काही कलाकार ‘स्त्रीवादी’ हा शब्द घेणार नाहीत. लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये २०१७ मध्ये १९६० ते १९८५ या काळातल्या लॅटिन अमेरिकी स्त्री-कलाकारांचं मोठं प्रदर्शन झालं. सेसिलिया फाहार्दो-हिल आणि आंद्रेया हुंता या त्याच्या क्युरेटर, म्हणजे कामं निवडून प्रदर्शन रचणाऱ्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी स्वतःला कधीच स्त्रीवादी म्हणवलं नव्हतं. हुकूमशाहीच्या काळात डाव्या चळवळीत असलेल्यांना ती आयात केलेली गोष्ट वाटायची. क्युरेटरनी ही अडचण लपवली नाही, प्रदर्शनाचा विषयच केली. दुसऱ्या टोकाला अमेरिकी कलाकार एड्रियन पायपर आहेत. कृष्णवर्णीयांच्या परफॉर्मन्स कलेवरच्या (कलाकाराने स्वतः केलेली कृती हीच कला) एका फिरत्या प्रदर्शनातून २०१३ मध्ये त्यांनी आपलं काम काढून घेतलं, कारण वेगळ्या कप्प्यात ठेवण्यापेक्षा बहुवांशिक प्रदर्शनात ते इतरांच्या कामाशेजारी यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. कलाकाराने असं म्हटलं तर मन वळवण्याची एक संधी घ्या, दुसरी घेऊ नका. आणि मालकाकडून परस्पर काम मिळवून तिच्या इच्छेविरुद्ध लावू नका, कायद्याने जमत असलं तरी.

आकड्याचा मोहही आवरावा. अर्पिता सिंग, नलिनी मालानी, निलिमा शेख आणि माधवी पारेख या चौघींनी १९८७ ते १९८९ या काळात भारतात ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन फिरवलं. सुरुवात भोपाळच्या भारत भवनात. चौघीच, पण त्यामागे कित्येक वर्षांच्या गप्पा आणि पत्रं होती. शंभर नावांची प्रदर्शनं गाजतात आणि त्यांत एकीचंही काम धड पाहून होत नाही.

४. पैसा, श्रेय आणि फडकं

१९७२ च्या जानेवारीअखेरीस हॉलिवूडमधलं एक पडीक घर महिनाभरासाठी लोकांना खुलं झालं: ‘वुमनहाऊस’. ज्युडी शिकागो आणि मिरियम शपिरो यांच्या स्त्रीवादी कला वर्गातल्या विद्यार्थिनींनी प्रत्येक खोलीचं मांडणशिल्प केलं होतं. स्वयंपाकघराच्या छतावर तळलेली अंडी आणि ती भिंतीवरून खाली उतरता उतरता स्तन होत गेलेली. कपड्यांच्या कपाटात चादरींच्या घड्यांमध्येच अडकलेली स्त्रीची आकृती. पण त्याआधीचे कित्येक आठवडे याच मुलींनी फुटलेल्या काचा बसवल्या, भिंती घासल्या, थंडीत, घरात धड पाणी नसताना. त्यातून आत्मविश्वास आला असं त्यांच्या शिक्षिका म्हणत. विद्यार्थिनींच्या कुरबुरीही होत्या. मला दोन्ही खरं वाटतं.

‘द डिनर पार्टी’ला १९७४ ते १९७९ अशी पाच वर्षं लागली आणि सुमारे चारशे लोकांचे हात लागले, त्यांतले बरेच स्वेच्छेने, बिनपगारी. भरतकाम, चिनी मातीवरचं रंगकाम, संशोधन, सगळं. शिकागोंनी त्यांची नावं लावली, हे त्या काळी कोणी करत नसे. तरीही काम एकीच्या नावाने ओळखलं जातं, आणि बिनपगारी श्रमांवरचा वाद अजून मिटलेला नाही. स्त्रियांच्या फुकटच्या कामाविरुद्ध बोलणारं प्रदर्शन स्त्रियांच्या फुकटच्या कामावर उभं राहणं हा या क्षेत्राचा जुना आजार आहे.

उपाय कंटाळवाणा आहे: अंदाजपत्रक. पहिला रकाना भाड्याचा किंवा छपाईचा नको, माणसांच्या मानधनाचा हवा. कलाकार, लेखक, अनुवादक, मांडणी करणारे, भाषणाला येणारे, मुलं सांभाळणारे. एकाच स्वरूपाच्या कामाला एकच दर, नाव मोठं असो की नवं. पैसे खरंच नसतील तर प्रदर्शन लहान करा. दहा कामांऐवजी सहा लावा. स्वेच्छेने येणारे असतील तर त्यांच्याकडून नेमके किती तास आणि कोणतं काम, हे आधी लिहून द्या.

श्रेयफलकावर स्वच्छता कर्मचारी आणि पहारेकरी यांची नावं हवीत, आणि ती का हवीत हे अमेरिकी कलाकार मिर्ल लेडरमन युकेलिस यांच्याइतकं नेमकं कोणी दाखवलेलं नाही. मूल झाल्यावर, १९६९ मध्ये, त्यांनी देखभाल हीच कला असा जाहीरनामा लिहिला. १९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात त्यांनी बाहेरच्या पायऱ्या आणि आतल्या दालनाची फरशी तासन्‌तास धुतली, गुडघ्यांवर बसून, लोकांच्या पावलांचे ठसे पुन्हा पुन्हा पुसत. तिथल्याच दुसऱ्या कृतीत एक काचेची पेटी होती, आत इजिप्तची ममी. सफाई कर्मचाऱ्याने ती रोजच्यासारखी पुसली. मग तीच पेटी युकेलिसनी पुसली आणि त्या पुसण्याला कलाकृती जाहीर केलं. आता ती कलाकृती झाली, म्हणजे तिला हात लावायचा अधिकार फक्त संवर्धकाचा, कलाकृतींची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाचा. फडकं तेच, काच तीच. माणसाचा हुद्दा बदलला की काम, पगार आणि मान बदलला. प्रदर्शनाआधी सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून ही एकच गोष्ट सांगितली तरी श्रेयफलकाचा वाद संपतो.

५. मांडणी

स्त्रीवादी कलेत कापड, कागद, छायाचित्र, व्हिडिओ आणि परफॉर्मन्सचे अवशेष जास्त असतात, कारण कलाकारांनी मुद्दाम ‘कमी दर्जाची’ मानली गेलेली माध्यमं हाती घेतली. त्यामुळे तैलचित्रांच्या सवयी इथे चालत नाहीत.

कापड आणि कागदाला प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास ठेवा, खिडकीचं ऊन बंद करा, आणि दालन अंधारं का आहे ते दाराशीच लिहा, नाहीतर ‘काही दिसत नाही’ची तक्रार रोज येईल. गोधडी किंवा भरतकाम चिमट्यांनी टांगू नका; वरच्या कडेला मागून सुती पट्टी शिवून, तिला वेलक्रो लावून वजन सगळ्या रुंदीवर वाटून द्या. उतरवल्यावर घडी न घालता गुंडाळी करून ठेवा. शक्य असेल तिथे कापडाची मागची बाजूही दिसू द्या. टाके कसे घातले ते मागूनच कळतं.

मेरी केली यांच्या ‘पोस्ट-पार्टम डॉक्युमेंट’सारखं (बाळंतपणानंतरच्या नोंदींचं) काम वाचायला लागतं. लंडनच्या आयसीए या समकालीन कला संस्थेत १९७६ मध्ये त्याचे पहिले भाग लागले तेव्हा वर्तमानपत्रांनी बाळाच्या मळकट लंगोटांची कला म्हणून टिंगल केली. प्रत्यक्षात चौकटींमध्ये लंगोटाच्या आतल्या अस्तरांवरचे डाग होते आणि त्यांच्याखाली त्या-त्या दिवशी बाळाने काय खाल्लं याची टंकलिखित नोंद. जे लांबून पाहतात त्यांना डाग दिसतो, जे वाचतात त्यांना आईची नोंदवही दिसते. अशा कामाला रुंद मोकळी जागा, बाक, चाकाच्या खुर्चीतूनही वाचता येईल अशी उंची आणि शेजारी आवाज नसलेलं काम लागतं. शेजारच्या व्हिडिओचा आवाज भिंतीपलीकडून येत असेल तर हे काम मेलंच म्हणून समजा.

परफॉर्मन्ससाठी कलाकाराला लेखी विचारा: छायाचित्र दाखवायचं, वापरलेल्या वस्तू दाखवायच्या, की कोणी पुन्हा करायचं? पुन्हा करायचं असेल तर कोणी आणि किती बदल चालतील? काही कामं नाहीशी होण्यासाठीच असतात. नलिनी मालानी यांनी १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत ‘सिटी ऑफ डिझायर्स’साठी थेट भिंतीवर चित्रं काढली आणि नंतर ती पुसली गेली. असं काम ‘जपून’ ठेवणं म्हणजे ते बदलणं.

६. भिंतीवरचा मजकूर

हे कल्पित लेबल पाहा: ‘प्रसिद्ध शिल्पकाराच्या पत्नी. संसार सांभाळून त्यांनी कलेची आवड जोपासली. त्यांच्या विणकामातून स्त्रीसुलभ हळुवारपणा आणि मातृत्वाची ऊब जाणवते.’ यात काम कशाचं आहे, केवढं आहे, कधीचं आहे, काही नाही. नवरा मात्र आहे.

आता हेच पुन्हा लिहू: ‘तागाचा दोर, लोखंडी कडी, तीन मीटर उंच. जहाजावर वापरतात तो जाड दोर त्यांनी हातानेच गाठी मारत विणला. खालच्या टोकाला वजनाने गाठी ताणलेल्या दिसतील. हे काम पहिल्यांदा हस्तकला विभागात लागलं होतं, शिल्पांच्या दालनात त्याला जागा मिळाली नाही.’ या दुसऱ्या लेबलात ‘स्त्री’ हा शब्दच नाही, आणि तरी अन्याय दिसतो.

लेबल साठ-सत्तर शब्दांत आटपा. घराणं, नवरा, मुलं यांचा उल्लेख कामाला लागत असेल तरच करा, आणि पुरुष कलाकारांसाठीही तोच नियम लावा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, कोणत्या नावाने सही केली, हे कलाकाराला किंवा वारसांना विचारून ठरवा. शोधसूचीत मात्र सगळी नावं घाला. ‘पहिली स्त्री’ हा शब्दप्रयोग शंभरदा तपासल्याशिवाय वापरू नका. ‘दुर्लक्षित’ हाही शब्द जपून: दुर्लक्ष कोणी केलं ते लिहिता येत असेल तर तेच लिहा, मग ती आपलीच संस्था का असेना.

पोस्टर आणि मुखपृष्ठ हा वेगळाच सापळा. लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयात २००७ मध्ये कॉर्नेलिया बटलर यांनी स्त्रीवादी क्रांतीवरचं ‘वॅक!’ हे भव्य प्रदर्शन केलं. त्याच्या कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर मार्था रॉस्लर यांचं कोलाज होतं: पुरुषांच्या मासिकांतून कापलेल्या नग्न स्त्रियांची गर्दी. रॉस्लर यांचा हेतू टीकेचा. पण पुस्तकाच्या दुकानात ते मुखपृष्ठ पाहणाऱ्याला नग्न स्त्रियांची गर्दीच दिसते, आणि त्यावरून वाद झाला. उपरोध पोस्टरवर टिकत नाही. दहा फुटांवरून, मजकुराशिवाय, ओळख नसलेल्या माणसाला दाखवून पाहा आणि मगच छापायला द्या.

७. तक्रार येणार, हे गृहीत धरा

१९७१ मध्ये मार्गारेट हॅरिसन यांचं लंडनमधलं प्रदर्शन उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी बंद पाडलं. गंमत अशी की लोकांना खुपलं ते एका पुरुषाचं चित्र: प्लेबॉयचे मालक ह्यू हेफनर यांना हॅरिसननी त्यांच्याच क्लबमधल्या ‘बनी’चा पोशाख घातला होता. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात स्त्री-कलाकारांच्याच एका प्रदर्शनातून ज्युडिथ बर्नस्टीन यांचं स्क्रूचं प्रचंड कोळशाचं रेखाटन काढून टाकलं गेलं, कारण स्क्रू लिंगासारखा दिसत होता. इतर कलाकारांनी ‘बर्नस्टीन कुठे आहे?’ असे बिल्ले लावून उद्घाटनाला हजेरी लावली. ‘द डिनर पार्टी’ १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तुफान गर्दीत पार पडली, आणि ठरलेल्या पुढच्या संग्रहालयांनी माघार घेतल्यावर खोक्यांत गेली. ती बाहेर काढली ती ठिकठिकाणच्या स्त्री-गटांनी, वर्गण्या गोळा करून.

यातून घ्यायची कृती अशी. उद्घाटनाच्या महिनाभर आधी एक पानाचा कागद तयार करा: तक्रार आली तर उत्तर कोण देणार, काम हलवण्याचा निर्णय कोण घेणार, आणि तो निर्णय किमान किती लोकांच्या सहीशिवाय होणार नाही. कलाकाराला विचारल्याशिवाय काम झाकायचं किंवा काढायचं नाही, हे तिच्याबरोबरच्या करारात लिहा. आपल्या ठिकाणचा अश्लीलतेचा आणि मुलांच्या चित्रणाचा कायदा वकिलाकडून समजून घ्या. ऐकीव माहितीवर आधीच घाबरून कामं गाळणं हा सेन्सॉरचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. दाराशी सूचना लावायची तर आत काय आहे ते साध्या शब्दांत सांगा: नग्नता, लैंगिक हिंसेची वर्णनं, रक्त. ‘संवेदनशील प्रेक्षकांसाठी’ असं मोघम लिहिल्याने कोणाचंच भलं होत नाही. ज्याला ते काम टाळायचं आहे त्याला वळसा घालून पुढे जाता येईल अशी वाटही ठेवा.

सर्वांत आधी तयारी पहारेकऱ्यांची. दिवसभर त्या कामाजवळ तेच उभे असतात, टोमणे तेच ऐकतात, आणि त्यांना बहुतेकदा कोणी काही सांगितलेलं नसतं. क्युरेटरने स्वतः फिरून काम समजावून द्यावं. लेबल वाचून दाखवणं म्हणजे समजावणं नव्हे.

८. प्रेक्षकांकडून अनुभव घेताना

मोनिका मायर यांनी १९७८ मध्ये मेक्सिको सिटीच्या आधुनिक कला संग्रहालयात कपडे वाळत घालायची दोरी लावली. वाटेतल्या बायकांना त्यांनी गुलाबी कागद दिले होते. त्यावर एक अर्धं वाक्य: स्त्री म्हणून मला या शहरातलं सर्वांत नकोसं वाटतं ते म्हणजे… बायकांनी वाक्य पुरं केलं. बस, रस्ते, हात, नजरा. कागद दोरीला चिमट्यांनी लावले. पुढे हेच काम अनेक देशांत, अनेक गटांनी पुन्हा केलं, आणि अजून करतात.

हे स्वस्त आणि सोपं वाटतं, म्हणून बहुतेक प्रदर्शनांत हल्ली एक दोरी असतेच. पण कोणी त्यावर खऱ्या माणसाचं नाव लिहिलं तर? एखादीने आजच घडलेला हिंसेचा प्रसंग लिहून ठेवला तर? दोरी लावण्याआधी ठरवा: नावं लिहू नयेत ही सूचना पेन्सिलीशेजारीच, रोज संध्याकाळी कागद वाचणारी जबाबदार व्यक्ती, मदत केंद्राचा पत्ता आणि क्रमांक तिथेच, आणि नंतर हे कागद जपणार की नष्ट करणार हे लिहिणाऱ्याला आधी माहीत. छायाचित्रं काढायची असतील तर हस्ताक्षर ओळखू येणार नाही इतक्या लांबून.

बाकी सोयी थोडक्यात: बसायला जागा, बाळाला पाजायला जागा, नोकरी करणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक तरी संध्याकाळ, सगळ्या व्हिडिओंना उपशीर्षकं. चर्चासत्र ठेवाल तर मुलं सांभाळायची सोय जाहिरातीतच छापा. ती आहे हे आधी कळलं तरच आया येतात.

९. उतरवल्यानंतर

‘वुमनहाऊस’चं घर प्रदर्शनानंतर पाडलं गेलं. जे हलवता येण्याजोगं होतं तेवढंच उरलं. शपिरो आणि शेरी ब्रोडी यांचं बाहुलीघर आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाकीचं छायाचित्रांत आणि एका माहितीपटात. ‘द डिनर पार्टी’ला कायमची जागा मिळायला २००७ साल उजाडलं, ब्रुकलिन म्युझियममध्ये. म्हणजे पहिल्या प्रदर्शनानंतर २८ वर्षं. मधल्या काळात ती सांभाळायला पैसे आणि चिवटपणा दोन्ही लागले; सगळ्यांकडे ते नसतात.

त्यामुळे कॅटलॉग हवाच, पण तो महागडा असण्याची गरज नाही. लुसी लिपार्ड यांनी १९७३ मध्ये फक्त स्त्री-कलाकारांचं एक संकल्पनात्मक (वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणारं) प्रदर्शन केलं. युकेलिस यांची फरशी धुण्याची कृती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झाली. त्याचा कॅटलॉग म्हणजे सुट्या पत्त्यांचा गठ्ठा: दर कलाकाराला एक कार्ड, क्रम वाचकाने लावायचा. आजही हे परवडतं. कार्डावर कामाचं मोजमाप, साहित्य, वर्ष, कोणाकडे आहे, आणि कलाकाराने स्वतः सांगितलेला मजकूर एवढं असलं तरी पुढच्या संशोधकाचं अर्धं काम होतं.

प्रदर्शन चालू असतानाच प्रत्येक भिंतीचं सरळ समोरून आणि प्रत्येक खोलीचं चार कोपऱ्यांतून छायाचित्र घ्या. उद्घाटनाच्या गर्दीची छायाचित्रं यासाठी निरुपयोगी. अंदाजपत्रक, नकाराची पत्रं, तक्रारींची नोंदवही, मानधनाचे तक्ते हे सगळं एका खोक्यात घाला. नकाराची पत्रं टाकून देण्याचा मोह होतो, पण इतिहास लिहिणाऱ्याला सर्वांत आधी तीच लागतात. खोका घरी ठेवू नका. एखाद्या विद्यापीठाच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या अभिलेखागाराशी प्रदर्शन सुरू होण्याआधीच बोला, आणि कोणते कागद किती वर्षांनी खुले करायचे ते लेखी ठरवा.

आणि संस्थेकडून खरेदीचं बोलणं प्रदर्शन भरात असताना करा. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २००९ मध्ये आपल्या संग्रहाची कायम दालनं फक्त स्त्री-कलाकारांच्या कामांनी भरली. क्युरेटर कामिय मोरिनो. तिथे कामं उसनी आणायची नव्हती, संग्रहातलीच दाखवायची होती, म्हणून आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे केंद्राला उघड्यावर पाहावं लागलं. तुमच्या यजमान संस्थेकडे तेवढा संग्रह नसेल, तरी एक तरी काम खरेदी करण्याची अट जागेच्या करारात सुरुवातीलाच घाला. प्रदर्शन उतरल्यावर संचालकांची भेट मिळायला फार वेळ लागतो.